टर्बो बदलण्याआधी हवेची गळती शोधा

चढावर गाडी दमते, ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून शिट्टीसारखा किंवा फुस्स असा आवाज येतो, डिझेल असेल तर मागे काळा धूर. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला की कोड मिळतो पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा जादा दाब) कमी पडतंय. इथे पहिला संशय टर्बोवर जातो आणि इथेच पैसे वाया जातात. हा कोड टर्बो गेला असं म्हणत नाही. पाहिजे होता तेवढा दाब मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपर्यंत) पोचला नाही, इतकंच म्हणतो. वाटेतला एखादा क्लॅम्प सैल असला तरी कोड तोच येतो.

आधी टप्पा ठरवा

हवेची वाट साधारण अशी: एअर फिल्टर, एअर फ्लो सेन्सर, टर्बोचा कंप्रेसर (हवा दाबणारा भाग), इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी), थ्रॉटल बॉडी (हवेची झडप), मॅनिफोल्ड. भोक या वाटेवर कुठे आहे त्यानुसार हवा आत येते की बाहेर जाते ते ठरतं, आणि लक्षणंही त्यावरच बदलतात.

एअर फ्लो सेन्सर आणि कंप्रेसर यांच्यामध्ये कायम ओढ असते. इथे भेग असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आणि पेट्रोल गाडीत हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पिकअपमध्ये फारसा फरक जाणवत नाही, म्हणून ही गळती दुर्लक्षित राहते. खरं तर सगळ्यात महागात पडते ती हीच, कारण फिल्टरला वळसा घालून धूळ थेट कंप्रेसरवर जाते आणि पात्यांच्या कडा झिजतात.

कंप्रेसरपासून थ्रॉटलपर्यंत प्रकार उलटा. आयडलला या पाइपांत दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच असतो, त्यामुळे गाडी उभी असताना काहीच कळत नाही. बूस्ट आला की हवा बाहेर पडते. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर आहे तिथे मोजलेली हवा वाटेत निसटते, पेट्रोल मात्र पूर्ण हवेच्या हिशोबाने पडतं, आणि मिश्रण जड होतं. ज्या गाडीत फक्त मॅप सेन्सर आहे ती मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल देते, म्हणून मिश्रण बिघडत नाही. टर्बोला तेवढाच दाब द्यायला जास्त वेगाने फिरावं लागतं. अशा गाडीत लहान गळती बराच काळ लपून राहू शकते.

थ्रॉटलच्या पुढे, पेट्रोल इंजिनात, दोन्ही प्रकार होतात. आयडलला व्हॅक्यूम असतो म्हणून हवा आत, बूस्टमध्ये बाहेर. आयडल वरखाली होणं आणि पी०१७१ हा लीन (पातळ) मिश्रणाचा कोड या टप्प्याकडे बोट दाखवतात. डिझेलला आयडलला असा व्हॅक्यूम सहसा नसतो, त्यामुळे तिथे ही खूण शोधत बसू नका.

पेट्रोल गाडीत स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) बघितला तर बरंच काम हलकं होतं. आयडलला ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे किंवा ब्रीदरच्या (इंजिनातली ऑइलची वाफ बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाजूला शोधा. आयडलला ठीक आणि जोर दिल्यावर ट्रिम उणे जात असेल, तर इंटरकूलरच्या पाइपांकडे वळा.

कार्ब क्लीनर फवारून इंजिनचा आवाज बदलतो का ते बघण्याची जुनी युक्ती फक्त इंजिन हवा ओढतं तिथेच चालते. इंटरकूलरच्या पाइपांवर कितीही फवारलं तरी काही कळणार नाही. शिवाय तापलेल्या टर्बोशेजारी पेट घेणारा स्प्रे मारणं म्हणजे आग ओढवून घेणं. ही युक्ती सोडून द्या.

डोळ्यांनी दिसणारं

टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सगळे पाइप बघा. ब्रीदरमधून ऑइलची वाफ येत असल्याने पाइपांच्या आत ऑइलचा पातळ थर असतोच. तेवढ्यावरून टर्बोला दोष देऊ नका. बाहेरून मात्र पाइप कोरडा हवा. एखाद्या जोडावर ऑइलने ओली झालेली काळी धूळ, त्यातही पंख्यासारखी एका बाजूला पसरलेली दिसली, तर तिथून हवा फुंकली जातेय असं समजा.

होजच्या घड्या बोटांनी उघडून बघा; भेगा घडीच्या तळाशी असतात आणि वरून होज नवा वाटतो. होजची खालची बाजू, इंजिनला किंवा ब्रॅकेटला घासणारी जागा, इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दुमडून बसवलेल्या असतात तो काठ, या तीन जागा चुकवू नका. तारेच्या क्लिपने बसणारे जोड हाताने ओढून बघा. क्लिप बसल्यासारखी दिसते, पण पाइप अर्धाच आत गेलेला असतो.

हवा कोंडून बघणे

पंक्चर शोधताना ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात धरतात, त्यातलाच हा प्रकार. कंप्रेसरच्या तोंडात जाणाऱ्या पाइपच्या मापाची पीव्हीसी एंड कॅप घ्या. बहुतेक गाड्यांत हे माप ६० ते ८० मिलिमीटरच्या आसपास भरतं. कॅपला भोक पाडून नटाने आवळायचा धातूचा टायर व्हॉल्व्ह बसवा आणि शेजारी ० ते २ बारचा दाब दाखवणारा एक गेज. हा गेज हवाच. हवा देणाऱ्या कंप्रेसरच्या रेग्युलेटरचा (दाब ठरवणाऱ्या नळाचा) काटा १ बार दाखवत असतो आणि गळती मोठी असेल तर पाइपात प्रत्यक्ष ०.२ बारही भरलेला नसतो. हवा जास्त मिळावी म्हणून व्हॉल्व्हमधली पिन काढून ठेवा. हवा टाकी असलेल्या कंप्रेसरवरूनच घ्या, मध्ये रेग्युलेटर लावून. टायर भरायचा छोटा पंप गळतीच्या वेगाला पुरत नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं. कॅप एअर फ्लो सेन्सरच्या पुढे, म्हणजे टर्बोच्या बाजूला बसवा. फिल्टरचा डबा दाब सोसायला बनवलेला नसतो. चांगल्या क्लॅम्पने आवळा आणि शक्य असेल तर पट्ट्याने बांधा. ७० मिलिमीटरच्या कॅपवर १ बारला सुमारे ३९ किलोचा जोर येतो. ती सुटली तर गोळीसारखी उडते. म्हणून चष्मा घाला आणि कॅपच्या समोर उभं राहू नका.

हवा सोडण्याआधी ब्रीदरचा विचार करायलाच हवा. क्रँककेसमधून (इंजिनच्या ऑइल असलेल्या खालच्या भागातून) येणारी ही नळी टर्बोच्या कंप्रेसरच्या आधीच्या पाइपला जोडलेली असते. ती उघडी राहिली तर भरलेली हवा थेट क्रँककेसमध्ये जाते, डिपस्टिक वर उडते, आणि दाब चढत राहिला तर क्रँकचा ऑइल सील बाहेर येतो. नळी काढून पाइपच्या बाजूचं तोंड बुचाने बंद करा आणि ऑइलचं झाकण सैल ठेवा. मॅनिफोल्डमधून पीसीव्ही व्हॉल्व्हवाटे (क्रँककेसची वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या झडपेवाटे) हवा क्रँककेसमध्ये जात असेल तर या झाकणाशी ती कळते, आणि तो व्हॉल्व्ह खराब असल्याचंही त्यातूनच समजतं.

मग पुढचं काम:

१. ०.३ बारपासून सुरुवात करा. मोठी गळती इथेच ऐकू येते. हाताभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक जोडांवरून फिरवलं की नेमकी जागा सापडते.

२. एक लिटर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी धुण्याचा लिक्विड साबण घालून स्प्रे बाटलीने जोडांवर फवारा. इलेक्ट्रिकल कनेक्टर वाचवा.

३. सावकाश दाब वाढवत गाडीच्या नेहमीच्या बूस्टपर्यंत न्या. साध्या पेट्रोल गाडीला १ बार पुरे. बऱ्याच भेगा ०.३ ला मिटलेल्या असतात आणि ०.८ ला उघडतात.

४. थ्रॉटल बंद असेल तर मॅनिफोल्डपर्यंत हवा पोचत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन चालू करून, इंजिन बंद ठेवून, कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा. मग इंजेक्टरच्या ओ-रिंग (रबरी कड्या), मॅनिफोल्डचं गॅस्केट, मॅप सेन्सरची ओ-रिंग आणि ब्रेक बूस्टरची नळी तपासा.

मोठ्या फुग्यांकडे लक्ष आपोआप जातं. बारीक गळतीचा मात्र पांढरा, दाट फेस हळूहळू जमतो. अर्धं मिनिट थांबून परत बघा. आणि गळती फार मोठी असेल तर साबणाचं पाणी उडून जातं आणि फुगा होतच नाही. अशा जागी हात फिरवा.

सायलेन्सरमधून हवेचा आवाज आला तर घाबरू नका. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात आणि हवा तिकडून निघून जाते. दाब सोडून, गाडी न्यूट्रलला ठेवून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने थोडं फिरवा आणि पुन्हा भरा. सगळं शंभर टक्के बंद होणार नाही. थ्रॉटलच्या दांड्यापाशी दोन-चार फुगे सोडून द्यायचे असतात. सगळ्या जोडांवर कोरडी शांतता आणि हवा बंद केल्यावर काटा काही सेकंद तरी टिकून हळूहळू उतरणं, इतकं पुरे.

या चाचणीत न सापडणारं

बायपास व्हॉल्व्हची (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा बूस्ट सोडणाऱ्या झडपेची) हवा परत कंप्रेसरच्या आधीच्या पाइपात सोडली जात असेल, तर कॅप लावून भरल्यावर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो. मधला पडदा फाटलेला असो की नसो, फुगा येणार नाही. व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढून त्याच्या नळीच्या तोंडाला हातपंपाने व्हॅक्यूम द्या. काटा उतरायला लागला तर पडदा गेला. या एका आंधळ्या जागेमुळे सगळे होज बदलूनही तक्रार तशीच राहते.

डिझेलमध्ये टर्बोची एक्झॉस्टचा झोत वळवणारी पाती व्हॅक्यूमवर हलणाऱ्या ॲक्चुएटरने फिरत असतील, तर त्याची बारीक नळी फाटली तरी बूस्ट येत नाही आणि मोठे पाइप सगळे धडधाकट निघतात. त्या ॲक्चुएटरलाही हातपंप लावून त्याचा दांडा पूर्ण हलतो आणि टिकतो का ते बघा. उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्हही (एक्झॉस्टचा काही धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काळा धूर आणि मेलेलं पिकअप देतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट उडालं तर टर्बोला मिळणारा जोरच कमी होतो. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक, ती गरम झाल्यावर कमी, आणि जोडाशी काजळी, ही त्याची खूण.

दुरुस्ती

फाटका होज टेपने किंवा सीलंटने जोडू नका. बूस्टमध्ये तो उघडतो आणि सीलंटचे तुकडे आत ओढले जातात. निसटलेल्या जोडात बहुतेकदा क्लॅम्पचा दोष नसतो, दोन पृष्ठभागांमधलं ऑइल घसरवत असतं. दोन्ही टोकं ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण वाळवा. क्लॅम्प पाइपच्या उंचवट्याच्या पलीकडे बसायला हवा, उंचवट्यावर नाही. खाचा असलेला स्क्रूचा क्लॅम्प मऊ सिलिकॉन होजला चिरतो. तिथे आतून गुळगुळीत पट्टी असलेला किंवा टी-बोल्टचा वापरा. क्लिपच्या जोडात नवी ओ-रिंग, तिला ऑइलचं बोट लावून.

जोडल्यावर लगेच पुन्हा हवा भरून बघा, कारण पहिल्या मोठ्या गळतीमागे दुसरी लहान लपलेली असते. मग दाब पूर्ण सोडूनच कॅप काढा, कोड पुसा, आणि मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन मागितलेला आणि मिळालेला बूस्ट सोबतच्या माणसाला स्कॅनरवर नोंदवायला सांगा. काही स्कॅनर बाहेरच्या हवेसकट एकूण दाब दाखवतात. समुद्रसपाटीला इंजिन बंद असताना तिथे १०० किलोपास्कलच्या आसपास आकडा दिसतो, तो वजा करून हिशोब करा.

आणि गाडी सुरू करण्याआधी ब्रीदरच्या तोंडातलं बूच काढून नळी परत जोडली का, ते बघा. बूच आत ठेवूनच नळी जोडली तर क्रँककेसचा दाब बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ऑइल टर्बोच्या सीलमधून इंटरकूलरमध्ये जायला लागतं.