होंडा सिव्हिकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी कसं बदलावं

इंजिन ऑइल सगळेच वेळेवर बदलतात, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं. २००६ साली भारतात आलेल्या १.८ लिटर पेट्रोल सिव्हिकचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स घरी हे काम करायला सोपा आहे. त्याला डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) आहे, खाली सरळ ड्रेन प्लग (तेल काढायचं बूच) आहे आणि उघडायला पॅन, म्हणजे तळाची तेलाची थाळी नाही. आतली जाळी बॉक्स फोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे फिल्टर बदलायचा प्रश्नच येत नाही. शहरातल्या गर्दीत किंवा घाटात चालणाऱ्या गाडीचं तेल ४०,००० किलोमीटरला बदलावं, असं आमचं ठाम मत आहे.

आधी तेलाबद्दल. या बॉक्सला होंडाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) डीडब्ल्यू-१ लागतं. जुन्या पुस्तिकेत झेड-१ लिहिलेलं असेल, त्याच्या जागी आता हेच येतं. २०१४ पासूनच्या ऑटोमॅटिक होंडा सिटीत सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक बॉक्स) आहे आणि तिला एचसीएफ-२ लागतं. दोन्ही तेलं होंडाचीच, पण एकाच्या जागी दुसरं अजिबात चालत नाही. एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने बदलणाऱ्या) गाड्यांचा तर या कामाशी संबंधच नाही. त्यांचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो आणि त्यात साधं गिअर ऑइल असतं.

सगळ्यात जास्त घोळ प्रमाणाचा होतो. बॉक्समध्ये एकूण सुमारे ५.९ लिटर तेल असतं, पण प्लग उघडला की जेमतेम २.४ लिटर बाहेर येतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलाच्या आधारे जोडणाऱ्या भागात), क्लचमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये अडकून राहतं. म्हणजे एका वेळी साधारण ४० टक्केच तेल बदलतं. तीनदा काढलं-भरलं की जवळपास ८० टक्के नवं होतं. म्हणून ८ लिटर तेल आणि ड्रेन प्लगचे १८ मिमीचे तीन वॉशर आणा. मशीनने दाब देऊन फ्लश करण्यापेक्षा आम्हाला हीच पद्धत पसंत आहे. जुना गाळ एकदम ढवळला जात नाही, आणि किती तेल निघालं, किती गेलं हे आपल्या डोळ्यांसमोर असतं.

हत्यारांत ३/८ इंचाचा रॅचेट, टॉर्क रेंच (ठरावीक जोरावर आवळणारा पाना), लांब नळीचं बारीक नरसाळं, चार लिटरचा तरी ट्रे, खुणा असलेलं मापाचं भांडं आणि धागे न सुटणारं कापड हवं. डिपस्टिक पुसायला चिंधी किंवा कापूस वापरू नका. एखादा धागा आत गेला तर तो सोलेनॉइडच्या (तेलाची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या झडपेच्या) बारीक वाटेत जाऊन अडकू शकतो.

तेल काढण्याआधी जुनी पातळी तपासून ठेवा (कशी ते पुढे दिलं आहे). आधीच कमी असेल तर ते नंतर कळत नाही. मग गाडी दहा मिनिटं फिरवून आणा आणि अर्धा तास थांबा. तेल कोमट हवं, पोळणारं नको. पी मध्ये ठेवून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, पुढून गाडी उचला आणि जॅक स्टँडवर टेकवा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

गिअरबॉक्स गाडीच्या डाव्या बाजूला आहे. त्याच्या ड्रेन प्लगला चौकोनी खाच असते आणि रॅचेटचं टोक सॉकेटशिवाय थेट त्यात बसतं. षटकोनी डोक्याचा प्लग दिसला तर तो इंजिन ऑइलचा आहे, त्याला हात लावू नका. रॅचेट खाचेत पूर्ण आत दाबून मगच जोर लावा. अर्धवट बसला तर खाच गोल होते आणि मग साध्या कामाचं मोठं काम होतं. डिपस्टिक आधीच वर काढून ठेवा, म्हणजे तेल सलग वाहतं.

प्लगच्या टोकाला चुंबक आहे. त्यावर राखाडी, मऊ लेप जमलेला असेल तर काळजी नाही, ती क्लच आणि गिअरची नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे कण किंवा धातूचे तुकडे निघाले तर मात्र थांबा. तेलाला जळका वास येत असेल आणि गाडी आधीपासूनच गिअर घसरवत असेल, तर नव्या तेलाने ती दुरुस्त होणार नाही.

चुंबक पुसा, नवा वॉशर घाला, प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवा आणि ४९ न्यूटन-मीटरवर घट्ट करा. टॉर्क रेंच नसेल तर २५ सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर म्हणजे तेवढंच. बॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं आहे. पायाने दाबून प्लग आवळलात तर आटे जातील.

निघालेलं तेल मोजा आणि तेवढंच नवं तेल डिपस्टिकच्या भोकातून सावकाश भरा. डिपस्टिक परत बसवा, गाडी खाली उतरवा, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून धरा आणि पी पासून खालपर्यंत प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबा. पाच-दहा किलोमीटर चालवून आणा. पुढच्या दोन फेऱ्या त्याच आठवड्यात केल्या तरी चालतात.

पातळी बघताना घाई नको. गाडी सपाट जागी, एसी बंद, आणि रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवा. मग इंजिन बंद करून ६० सेकंद थांबा आणि ९० सेकंद व्हायच्या आत डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ तेल दिसलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांत ही पातळी इंजिन चालू ठेवून बघतात, होंडात बंद करून. ही सवय उलटी पडली की पातळी चुकते. तेल जास्त झालं तर गिअर ते घुसळतात, फेस होतो, तेलाचा दाब कमी होतो आणि क्लच घसरतो. कमी झालं तर पंप हवा ओढतो, आणि चढावर डी टाकल्यावर गाडी उशिरा हलते. दोन्हीचं लक्षण जवळजवळ सारखंच वाटतं, म्हणून अंदाजाने तेल ओतू नका. जास्त झालं असेल तर पिचकारीला बारीक नळी लावून डिपस्टिकच्या वाटेने काढून घ्या.

शंभरेक किलोमीटरनंतर प्लगभोवती ओल आहे का ते पाहा. काढलेलं तेल डब्यांत भरून एखाद्या गॅरेजच्या वापरलेल्या तेलाच्या पिंपात द्या. गटारात किंवा मातीत एक थेंबही टाकू नका.