देवनागरीतली जपानी वही

जपानी भाषेच्या एन-फोर परीक्षेत पहिल्या खेपेला मला १८० पैकी ९७ गुण पडले. पास व्हायला ९० लागतात, म्हणून मी डोंबिवलीच्या गाडीतूनच नवऱ्याला फोन लावला. फोन ठेवल्यावर खालची ओळ वाचली. नापास. ऐकण्याच्या विभागात ६० पैकी किमान १९ हवेत, माझे होते १७. बाकी विभागात कितीही मिळवा, ही खिंड काही सुटत नाही. नियम मला पाठ होता. पण नापास होऊन कळलेला नियम वेगळाच असतो.

तेव्हा मी छत्तीस वर्षांची. अंधेरीला, जपानहून सुटे भाग मागवणाऱ्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. सगळ्यांनी वयाला बोल लावला, मीही लावला. 'या वयात कान वळत नाहीत गं,' हे तर सासूबाईंपासून क्लासातल्या विशीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. वयाचं ओझं मी दोन-तीन महिने वाहिलं आणि मग एका फोनवर खरा घोळ सापडला.

पुरवठादाराशी बोलत होते. 'जरा ऐका' म्हणायचं होतं: 'चोत्तो किइते कुदासाई'. मी म्हटलं 'किते कुदासाई'. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग अतिशय अदबीने प्रश्न आला, 'इत्सु देसु का?' म्हणजे, केव्हा? मी त्यांना 'या' म्हटलं होतं. माणूस तारीख विचारत होता!

घरी येऊन वही काढली. दोन्ही शब्द मी 'किते' असेच लिहिलेले. आता हे जरा सविस्तर सांगते, कारण मराठी माणूस नेमका इथेच पडतो. आपल्याला वाटतं, देवनागरीत काय हवं ते लिहिता येतं, मग त्यांची अक्षरं सावकाश शिकू. पण लिपी आपली असली की कानही आपलाच राहतो. शाळेत घोटून घेतलंय, शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य इकार-उकार ह्रस्व: किडा, पाहुणा, विळी. बोलताना तर ह्रस्व-दीर्घाने आपल्याकडे क्वचितच काही अडतं. त्यामुळे माझ्या हाताने 'किइते'मधला जादा इकार मुकाट्याने खाऊन टाकला. ए आणि ओचं तर त्याहून वाईट, त्यांना मराठीच्या देवनागरीत ह्रस्व रूपच नाही. 'कोको' म्हणजे इथे. दोन्ही ओ लांबवले की ते होतं उच्च माध्यमिक शाळा. माझ्या वहीत दोन्ही 'कोको'. अशी दोनशे पानं होती. जे मी वेगळं लिहिलंच नव्हतं ते परीक्षेत, एकदाच वाजणाऱ्या ध्वनिफितीत, वेगळं ऐकू येणार कुठून?

जोडाक्षरांनी मात्र मला कधी दगा दिला नाही. 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट, तिथला दुहेरी त आपल्याला लगेच ऐकू येतो, पता आणि पत्ता वेगळे ऐकणारी माणसं आहोत आपण.

उपाय सोपा आहे आणि कंटाळवाणा आहे. त्यांच्या दोन उच्चारलिप्या आहेत: हिरागानाची ४६ मूळ अक्षरं पहिल्या पंधरा दिवसांत, काताकानाची तेवढीच पुढच्या पंधरा दिवसांत. त्यानंतर वहीत देवनागरी फक्त अर्थापुरती. आणि मात्रा मोजा. वृत्तं शिकताना लघू-गुरू मोजायचो, तसंच. तोक्यो चार मात्रांचं: तो-ओ-क्यो-ओ. ओसाका पण चार. 'निप्पोन'सुद्धा चार, कारण अर्धा प् आणि शेवटचा न् आपापली मात्रा घेतात. हायकूचे पाच-सात-पाच हेच ठोके असतात. मी लोकलमध्ये बोटांवर मोजायचे. शेजारची बाई जप समजून जागा द्यायची, हा वरचा फायदा.

घाबरू नका, पुष्कळ गोष्टी आपल्याला जन्मजात मिळाल्यात. क्रियापद शेवटी. 'ला', 'त', 'हून' नामाच्या मागे लागतात, तसंच तिथे. क्रियापदाच्या ज्या 'ते'रूपाला सगळे घाबरतात ते म्हणजे आपलं 'ऊन'. घरातून निघताना आपण म्हणतो 'जाऊन येते', तेही म्हणतात 'इत्ते किमासु', शब्दशः तेच. 'करून बघ'मधलं 'बघ'सुद्धा तिथे आहे, 'शिते मिरु'. त्सुनामीतल्या 'त्सु'ला अडखळू नका, तो जवळजवळ चुलीतला चू आहे. माझ्या शेजारी बसणारा हिंदी भाषक मुलगा त्यावर आठवडा घालवत होता.

आता माझी मतं, पटली तर घ्या. 'सहा महिन्यांत एन-थ्री', म्हणजे एन-फोरच्या वरची पायरी, असं म्हणणाऱ्या क्लासचा पत्ता विचारू नका. या परीक्षेत बोलणं आणि निबंध नाहीतच, नुसते पर्याय निवडायचे, त्यामुळे पर्याय ओळखायला शिकवून कुणालाही पास करता येतं. मुलाखतीला 'नमस्कार'च्या पुढे गाडी जात नाही. ॲपमधली सलग दिवसांची माळ मी १४० पर्यंत ओढली, त्यातून माळच मिळाली. ॲनिमे बघा खुशाल, पण तिथला 'ओमाए', म्हणजे उद्धट 'तू', साहेबांना ऐकवू नका. आणि सुरुवातीला जपानी शिक्षकच हवा हा हट्ट सोडा. तिशीनंतर ही भाषा शिकलेली मराठी बाई भेटली तर तिचे पाय धरा. तुमची जीभ कुठे घसरणार हे तिला आधीच माहीत असतं. मला अशी एक भेटली, पण नापास झाल्यावर.

क्लास निवडताना मेगाब्लॉकही बघा. चेष्टा नाही. रविवार सकाळच्या बॅचचे माझे बरेच तास ठाणे आणि दादरच्या मध्ये गेले. जवळचा साधा क्लास लांबच्या नामांकित क्लासपेक्षा बरा.

कांजीचं, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांचं, रडगाणं गात नाही. रोजच्या वापराच्या सरकारी यादीत २१३६ आहेत, मला चारशेच्या आसपास येतात आणि बिलं वाचायला तेवढी पुरतात. एन-थ्री नुकती सुटली, ऐकण्यात ३१. बोलताना अजून ततपप होतं. गेल्या बुधवारीच त्याच पुरवठादाराचा फोन होता. 'किइते' म्हणताना टेबलाखाली माझी बोटं तीन मोजत होती.