चिलखत घालून इस्त्री: रोजच्या जागेत कॉस्प्ले शूट कसं करायचं

माझ्या धाकट्या बहिणीनं कॉस्प्लेसाठी, म्हणजे एखाद्या पात्राचा पोशाख घालून ते साकारण्यासाठी, चार महिने खपून फोमचं चिलखत केलं. रुपेरी रंग, दोन्ही खांद्यांवर तीन-तीन पाकळ्या आणि पाठीवर लाल केप. पात्र तिच्याच मनातलं, एका पडक्या किल्ल्याची सेनापती. त्याचे फोटो आम्ही घरातल्या इस्त्रीच्या टेबलापाशी काढले. मला अशी शूट्स मनापासून आवडतात, कारण रोजच्या जागेत उभं राहिलं की पात्र खरं वाटायला लागतं. पण ते आपोआप होत नाही.

सगळ्यात आधी पात्राला काम द्या. नुसतं चिलखत घालून खोलीत उभं राहिलं तर तो वेशभूषा स्पर्धेचा फोटो होतो. काम असं हवं की ते त्या पात्राच्या स्वभावातून आणि पोशाखातून निघेल. आमची सेनापती शिस्तीची. उद्या लढाई आहे आणि केपला चुण्या चालणार नाहीत, म्हणून ती इस्त्री करते. भालाधारी असेल तर त्याला लिफ्टमध्ये न्या. भाला मावत नाही, तिरका धरावा लागतो, तिथेच फोटो तयार होतो. काम एका वाक्यात सांगता येत नसेल तर अजून विचार करा.

जागा ठरली की ज्या वेळी शूट करायचं त्याच वेळी एकदा जाऊन बघा. ऊन कुठून येतं, कधी सरकतं, मागे काय दिसतं. सार्वजनिक जागा असेल तर परवानगी आधी घ्या, नकली हत्यारंसुद्धा झाकून न्या आणि तिथल्या सुरक्षारक्षकाला स्वतःहून सांगून ठेवा. दुरून पाहणाऱ्याला तलवार फोमची आहे हे कळत नाही.

खोली फार आवरू नका. मी फक्त ठळक अक्षरं असलेल्या आणि पोशाखाच्या रंगाशी भांडणाऱ्या वस्तू हलवते. आमच्याकडे एक लाल बादली होती, ती केपवरची नजर ओढत होती, म्हणून बाहेर गेली. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग मात्र तसाच ठेवला. तो गेला असता तर खोलीत कुणी राहतं असं वाटलंच नसतं.

आता प्रकाश. यावर मी सर्वात जास्त वेळ घालवते. शक्य असेल तर खोलीतले दिवे बंद करा आणि खिडकी एका बाजूला घ्या. दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्व्हिनचा (हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की छटा निळसर), पिवळा बल्ब 3000 च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याचा एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा दिसतो, आणि रुपेरी रंग तर दोन्ही छटा उचलतो. ट्यूबलाइट चालू ठेवावीच लागली तर शटर किती वेळ उघडं राहतं ते सांभाळा. 50 हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, म्हणून 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. 60 हर्ट्झ असेल तिथे 1/60 किंवा 1/120. शटर याहून जलद केलं की फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात.

फोमला धातू बनवणारी खरी गोष्ट म्हणजे चकाकीची रेघ. छातीच्या पत्र्यावर खिडकीचं प्रतिबिंब एक लांब, उभी, पांढरी पट्टी होऊन उतरलं पाहिजे. बहिणीला मी टाचेवर जेमतेम वीतभर फिरवलं, आणि तोवर राखाडी दिसणारा फोम एकदम पोलादी दिसायला लागला. ती रेघ सापडेपर्यंत शटर दाबू नका.

लेन्स 35 मिमीच्या आसपासची घ्या (फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) आणि अ‍ॅपर्चर एफ/4 ते एफ/5.6 (हे लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं). एफ/1.8 वर मागचं सगळं विरघळतं, मग रोजची जागा निवडून उपयोग काय? कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सरळ धरा, दाराच्या चौकटी उभ्या दिसू द्या. खालून फोटो काढला की पात्र पोस्टरवरचं होतं. इथे ते घरातलं वाटायला हवं.

इस्त्री अर्थातच थंड आणि प्लग काढलेली होती. चिलखताचा ईव्हीए फोम उष्णतेनं मऊ पडतो आणि साध्या सिंथेटिक विगचे केस वितळतात. वाफ हवी म्हणून मी फ्रेमबाहेरून पाण्याचा बारीक फवारा मारला. तो दिसायला प्रकाश मागून आणि पार्श्वभूमी काळोखी लागते, समोरून उजेड असेल तर फवारा नाहीसा होतो.

पहिल्या वीस-पंचवीस फोटोंत काहीतरी खोटं वाटत होतं. झूम करून पाहिलं तर बोटं इस्त्रीच्या दांड्याभोवती मिटतच नव्हती, जाड फोम आड येत होता. आम्ही हातमोज्याच्या तळव्याकडचा फोम कापून टाकला, वरच्या पट्ट्या कापडी मोज्याला चिकटवल्या, आणि पकड खरी झाली. घरीच ही तालीम करा: पात्र जी वस्तू हाताळणार आहे ती पूर्ण पोशाखात धरून पाहा.

मग काम खरंच करायला लावा. बहिणीनं पाच-सहा कपड्यांच्या घड्या घातल्या, तोवर मी काहीच बोलले नाही. दहा मिनिटांनी ती कॅमेरा विसरली, कॉलरच्या टोकाशी वाकली, कपाळावर आठी आली. आम्ही निवडलेला फोटो तोच.

दर वीस मिनिटांनी चिलखत सैल करा आणि पाणी प्या. फोममध्ये अंग फार तापतं. “ताई, गरगरतंय” असं कुणी म्हणण्याआधी थांबायचं असतं. जवळ कॉन्टॅक्ट ग्लू, दुहेरी टेप, सेफ्टी पिना आणि विगसाठी केसांचे आकडे ठेवा.

एडिटिंगमध्ये मी रंगाचा तोल आणि उभ्या रेषा नीट करते. तलवारीला तेज वगैरे देत नाही. निघण्याआधी पोशाखाचे तुकडे मोजा. आमची खांद्यावरची एक पाकळी इस्त्रीच्या टेबलाखाली सापडली.