मुंबई की पुणे? मेट्रोवरून भांडण्याआधी

आधी प्रकल्प कोणाचा ते बघा. मुंबईत मेट्रो 3 (कफ परेड ते आरे) एमएमआरसीची, म्हणजे केंद्र-राज्याच्या मेट्रो कंपनीची; बाकीच्या बहुतेक मार्गिका एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या. पुण्यात महामेट्रो (हीसुद्धा केंद्र-राज्याची कंपनी), पण हिंजवडी–शिवाजीनगर पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. दोन्हीकडे शिव्या मात्र पालिकेलाच!

मग खर्च. एकूण आकड्यावर भांडू नका, त्याला किलोमीटरने भागा. मेट्रो 3 म्हणजे 33.5 किमी, 27 स्थानकं, आरे सोडलं तर सगळी भुयारी. अंदाज 23,136 कोटींवरून 37 हजार कोटींच्या पुढे गेला, म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटींच्या वर. याच्यासमोर पुण्यातली वनाझची खांबांवरची मार्गिका ठेवली की हिशेब फसतो. भुयारीसमोर भुयारीच ठेवा, म्हणजे पुण्यातला शिवाजीनगर ते स्वारगेट हा टप्पा. आणि मूळ अंदाजाशेजारी सुधारित आकडा मांडू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

तारखांचंही तसंच. मुंबईची पहिली मेट्रो, घाटकोपर–वर्सोवा, 8 जून 2014 ला एकदमच सुरू झाली, पुण्याची 6 मार्च 2022 पासून तुकड्या-तुकड्यांनी. पहिल्या तुकड्याची तारीख धरायची की शेवटच्या, ते आधी ठरवा.

दरडोई आकडा काढताना 2011 ची जनगणना जपून वापरा: 2021 ला 23 गावं आल्यावर पुणे पालिकेची हद्द मुंबईपेक्षा मोठी झाली.