पॉवर ट्यूब लाल होतेय? नवा सेट मागवण्याआधी या चुका टाळा

जुन्या फेंडर किंवा मार्शल गिटार अँपच्या मागून डोकावलं आणि पॉवर ट्यूबची (स्पीकरला ताकद देणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूबची) प्लेट, म्हणजे काचेच्या आतलं राखाडी धातूचं आवरण, लालबुंद दिसली, की बहुतेक जण लगेच नव्या ट्यूब मागवतात. त्या बसवतात, आठवडाभरात त्याही जळतात, मग ‘हल्लीच्या ट्यूबच वाईट’ असं ठरतं. प्लेट लाल होते ती तिच्यातून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जातो म्हणून. तो का जातो, याचा पहिला पुरावा ग्रिडच्या, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीच्या, पिनवर मिळतो. ६एल६, ६व्ही६ आणि ईएल३४ या ट्यूबमध्ये ती ५ नंबरची पिन, ईएल८४ मध्ये २ नंबरची.

आधी नेमकं काय लाल आहे ते बघा, खोलीत अंधार करून. मधला नारिंगी उजेड हीटरचा, तो असायलाच हवा. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळी झाकही निरुपद्रवी. बाहेरच्या राखाडी धातूवर लाल डाग किंवा पट्टा उमटला तर मात्र तत्काळ बंद. ‘आणखी थोडा वेळ बघू’ म्हणत थांबलात तर स्क्रीन रेझिस्टर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर पणाला लागतो. आणि जुना मूळ ट्रान्सफॉर्मर गेला की तो परत मिळत नाही.

जागा न बदलता निदान करणं

जागा बदलून बघणं ही फुकटची आणि सगळ्यात उपयोगी चाचणी, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. एकच ट्यूब लाल होत असेल तर अँप बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर, दोन्ही बाजूंच्या ट्यूबची अदलाबदल करा. लाली ट्यूबबरोबर सरकली तर दोष ट्यूबचा. लाली त्याच सॉकेटवर राहिली तर दोष सर्किटमध्ये, आणि तिथे कितीही महागडी ट्यूब लावली तरी ती मरणारच. सगळ्याच ट्यूब एकदम लाल झाल्या तर संशय बायस सप्लायवर (करंट आवरणारं मायनस व्होल्टेज, म्हणजे बायस, ग्रिडला पुरवणाऱ्या भागावर) किंवा मेन्सच्या व्होल्टेजवर घ्या.

कपलिंग कपॅसिटर ‘मीटरवर ठीक दाखवतो’ म्हणून सोडून देणं

यावर सविस्तर लिहायलाच हवं. कपलिंग कपॅसिटर आधीच्या टप्प्याचा सिग्नल ग्रिडला पोचवतो आणि तिथलं डीसी अडवतो. ब्लॅकफेस (काळ्या पॅनेलच्या) फेंडर ट्विन रिव्हर्बची नेहमी दिसणारी केस घ्या. चार ६एल६जीसी, सुरू केल्यावर सगळं छान, वीसेक मिनिटांनी शेजारशेजारच्या दोन ट्यूब लाल व्हायला लागतात. मालकाने तोवर दोन मॅच्ड (सारखा करंट घेणाऱ्या ट्यूबचे) सेट बदललेले असतात. बायसही मागे खेचून झालेला असतो, त्यामुळे उरलेल्या दोन ट्यूब उपाशी आणि आवाज कोरडा. कोणीतरी कपॅसिटर काढून ओहमवर तपासलेला असतो. मीटर म्हणतो, ओपन. म्हणून तोच कपॅसिटर परत लावलेला असतो.

ट्विनमध्ये शेजारच्या दोन ट्यूबना फेज इन्व्हर्टरकडून (दोन बाजूंना उलटसुलट सिग्नल वाटणाऱ्या टप्प्याकडून) एकच ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिग्नल देतो. त्याच्या एका टोकाला सुमारे २४० व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्रिडचे मायनस ५२. म्हणजे त्याच्यावर जवळपास २९० व्होल्टचा ताण, तोही गरम चॅसीमध्ये. मल्टिमीटर ओहमवर जेमतेम काही व्होल्ट लावतो, तेही थंड कपॅसिटरला. गळती त्याला दिसणार कशी?

आणि थोडी गळतीही पुरते. कपॅसिटरचा रोध २० मेगओहमवर आला तर २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर सुमारे ३ व्होल्ट पडतात आणि मायनस ५२ चे मायनस ४९ होतात. ५ मेगओहमवर आला तर १२ व्होल्ट जातात आणि ग्रिडवर मायनस ४० उरतात. दर व्होल्टमागे प्रत्येक ट्यूबचा करंट चार-पाच मिलिअँपियरने वाढतो, तेव्हा ३० वॅटची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

खरी तपासणी अशी: पॉवर ट्यूब काढा, फेज इन्व्हर्टरची ट्यूब राहू द्या. स्टँडबाय स्विच ‘प्ले’वर टाकून प्रत्येक सॉकेटच्या पिन ५ वर डीसी मोजा. सगळीकडे सारखाच मायनस आकडा यायला हवा. एका बाजूला तो कमी असेल, तर त्या कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि सुट्या टोकापासून ग्राउंडपर्यंत व्होल्टेज बघा. चांगल्या कपॅसिटरवर आकडा शून्याजवळ येऊन थांबतो. तिथे एखादा व्होल्टही टिकून राहिला तर कपॅसिटर बाद. पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या आणि पुन्हा मोजा. ट्यूब काढल्यावर मुख्य सप्लाय चढतो हे ध्यानात ठेवा. डीलक्स रिव्हर्बमध्ये मुख्य सप्लायचे फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचेच असतात, तिथे व्हेरिअॅकवर (मेन्स कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज थोडं उतरवूनच हे करा.

बदलताना ६०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लावा, दोन्ही बाजूंचे एकदम. ‘व्हिंटेज टोन’साठी जुना ठेवण्याचा हट्ट इथे चालणार नाही. गळका कपॅसिटर म्हणजे टोन नव्हे.

बायस सप्लायकडे दुर्लक्ष

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा बायसचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतो, मायनस व्होल्टेज गळून पडतं आणि सगळ्या ट्यूब एकत्र पेटतात. लोक मुख्य फिल्टर हौसेने बदलतात आणि याला हातही लावत नाहीत. १०० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा लावा, पण प्लस टोक ग्राउंडला, कारण हा सप्लाय उलटा आहे. सवयीने मायनस ग्राउंड केला तर तो फुटतो आणि बायस शून्यावर येतो. ५एफ६-ए बासमनसारख्या पन्नासच्या दशकातल्या अँपमध्ये सेलेनियम रेक्टिफायर असतो, तोही थकतो. त्याजागी साधा सिलिकॉन डायोड लावा आणि बायस नव्याने मोजा, कारण आकडा बदलतोच.

सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलच्या) फेंडरमधल्या बऱ्याच मॉडेलांत मागचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) फक्त दोन बाजूंचा तोल साधतो. तो फिरवून एकूण बायस कमी-जास्त होत नाही.

कानाने बायस लावणं

‘आवाज गोड होईपर्यंत फिरव’ हा सल्ला ऐकू नका. पिन ८ (कॅथोड) आणि ग्राउंडच्या मध्ये १ ओहमचा रेझिस्टर कायमचा बसवा, मग १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपियर. फिक्स्ड बायसमध्ये (ग्रिडला वेगळ्या सप्लायचं मायनस व्होल्टेज) शांत स्थितीत ट्यूबच्या कमाल वॅटच्या ६० ते ७० टक्के पुरे. ४५० व्होल्टवर ६एल६जीसीला ७० टक्क्यांनी ४६ मिलिअँपियर येतात, मी ३८-४० वर थांबेन. ४६० व्होल्टवर ईएल३४ (२५ वॅट) साठी ३८ ही वरची हद्द. ४१५ व्होल्टवर ६व्ही६ (१२ वॅट) साठी २०. व्हॉक्स एसी३० ला हे गणित लावू नका. त्याचा बायस कॅथोडवर आहे आणि त्याच्या ईएल८४ मुळातच मर्यादेच्या वर चालतात. तिथे कॅथोड रेझिस्टर आणि त्याला समांतर असलेला कपॅसिटर शॉर्ट नाही ना, एवढं बघा.

किरकोळ, पण ट्यूब मारणाऱ्या गोष्टी

सैल सॉकेट. पिन ५ चा संपर्क तुटला की ग्रिड अधांतरी आणि करंट मोकाट. अँप बंद आणि डिस्चार्ज करून बारीक सुईने पाती आवळा. नुसता स्प्रे मारून भागत नाही.

ग्रिडचा २२० किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टर ३०० वर गेला असेल तर बदला.

फेंडरमध्ये ६एल६ काढून ईएल३४ सरळ खोचू नका. पिन १ वर ग्रिड रेझिस्टरचं टोक असतं, आणि ईएल३४ च्या पिन १ वर सप्रेसर ग्रिड. शिवाय हीटर ०.९ ऐवजी १.५ अँपियर ओढतो.

व्हॉल्यूम वाढवल्यावरच प्लेट लाल होते आणि कानाला काही ऐकू येत नाही? अतिउच्च फ्रिक्वेन्सीचं ऑसिलेशन. ऑसिलोस्कोप लावा, ग्रिड आणि प्लेटच्या वायर एकमेकींपासून दूर करा.

आपल्याकडे ११७ व्होल्टचा अमेरिकन अँप दोनास-एक स्टेपडाउनवर चालतो. भिंतीत २४५ असले की त्याला १२२ मिळतात आणि प्लेट व्होल्टेज त्याच प्रमाणात चढतं. हीटरवर मोजा. ६.३ हवेत, ६.९ च्या वर कधीच नाही.

झाकण उघडून थेट हात घालणं

प्लग काढल्यावरही फिल्टरमध्ये ४०० व्होल्ट बसलेले असू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून उतरवा, मग मीटरने खात्री करा. चालू अँपमध्ये मोजताना मायनस प्रोब चॅसीला क्लिप करा आणि एकच हात वापरा. ज्याला याचा कंटाळा येतो त्याने अँप उघडू नये.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना मेन्सच्या वायरमध्ये मालिकेत (सिरीजमध्ये) १०० वॅटचा फिलामेंट बल्ब लावा. तो भगभगीत पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. मंद झाला तर बल्ब काढून पूर्ण मेन्स द्या, स्पीकर जोडलेला हवाच, आणि गिटार न लावता १, १० आणि ३० मिनिटांनी करंट लिहा. सुरुवातीला दोन-तीन मिलिअँपियर सरकणं ठीक. अर्ध्या तासानंतरही तो चढतच असेल तर बंद करा आणि पिन ५ वर परत मीटर लावा.