तिलावा बोटीवर गेलेल्या पूर्वजाचा माग नाशिकमधून कसा काढावा

‘आफ्रिकेला जाताना बोटीवरच गेले’ एवढीच आठवण घरात उरली असेल आणि साल १९४२ चे सांगितले जात असेल, तर ‘तिलावा’ या आगबोटीची शक्यता सर्वप्रथम तपासावी. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा व डर्बानकडे निघालेल्या या बोटीवर ९५८ माणसे होती. २३ नोव्हेंबरच्या उत्तररात्री जपानच्या आय-२९ पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो डागला; पहिल्या आघातानंतर बोट लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांत उतरलेले काही जण परत वर जाऊ लागले आणि तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आदळला. २८० जण गेले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ब्रिटिश युद्धनौका ‘बर्मिंगहॅम’ने २७ नोव्हेंबरला मुंबईत आणले.

नाशिककरांनी पहिली चौकशी रामकुंडावरील आपल्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडे करावी. आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यास ते जुनी वही काढून नामावळी दाखवतात. देह हाती न लागल्यास पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार, करण्याची रीत आहे, आणि कुटुंबाने तो येथे केला असल्यास त्या भेटीची नोंद, पुष्कळदा आप्तांच्या सह्यांनिशी, वहीत सापडू शकते. शोधताना शके १८६४ च्या कार्तिकापासून पुढची पाने पाहावीत. ती रात्र कार्तिकी पौर्णिमेला लागून आली होती, त्यामुळे घरातले श्राद्ध कार्तिक वद्य प्रतिपदेला होत असेल, तर तो फार बोलका पुरावा समजावा. मात्र तिथी निश्चित नसल्यास अमावास्या धरली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

पूर्वज खलाशी असल्यास वाट बरीच सोपी आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर बोटीच्या नावाने विनामूल्य शोध घेता येतो. समुद्रात गेलेल्या भारतीय खलाशांची नावे तेथे मुंबई व चितगाव स्मारकांखाली आढळतात, आणि नावापुढे सारंग, टिंडेल असा हुद्दाही असतो. इंग्रजी लेखनात आडनावाचे रूप पार बदललेले असते, म्हणून वहीतले वडिलांचे नाव ताडून पाहिल्याशिवाय कोणतीही नोंद आपली मानू नये.

प्रवाशांसाठी मात्र मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात आणि त्या काळच्या वृत्तपत्रांतच खपावे लागते. युद्धकाळात जहाजांच्या बातम्यांवर सेन्सॉर होता, त्यामुळे केवळ त्या आठवड्याचे अंक चाळून थांबू नये. पुढील काही महिन्यांतील निधनवार्ताही वाचाव्यात. इंटरनेटवर ‘तिलावा’ शोधल्यास २०१७ मध्ये समुद्रतळातून काढलेल्या २,३६४ चांदीच्या लगडींची आणि त्यावरील खटल्याचीच माहिती आधी पुढे येते, याचे वाईट वाटते. म्हणून बोटीच्या नावाबरोबर आपले आडनाव व गाव जोडूनच शोध घ्यावा.