सायकलचे गिअर उडत होते, ते असे थांबले

कॉलेजला मी गिअरच्या सायकलने जातो. चढावर जोर लावला की चेन खाडकन उडायची, आणि मोठ्या चक्रीवर तर जायचं नावच घ्यायची नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, चेन बदल. खिशाला हात घालण्याआधी ती मोजून पाहिली. साधी पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरून 24 कड्या मोजायच्या. नव्या चेनमध्ये हे अंतर 12 इंच भरतं. त्यावर एक सोळांश इंच वाढलं असेल, तर बदलायची वेळ झाली. माझी बारावरच होती.

मग संशय गिअरच्या केबलवर. नवी केबल थोड्या दिवसांत सैल पडतेच, आणि माझी नवीच होती. मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) केबल शिरते तिथे बोटांनी फिरवायचं एक छोटं नळकांडं असतं. ते घड्याळाच्या उलट फिरवलं की ताण वाढतो. एका वेळी पाव फेरा, बस. मागचं चाक उचलून धरायला मित्राला पकडलं (रूममेटचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही), पेडल हाताने फिरवत गिअर बदलत राहिलो. करकर थांबली, तिथेच सोडलं.

‘एच’ आणि ‘एल’ लिहिलेल्या स्क्रूंना हात लावला नाही. ते फक्त डिरेलरची हद्द ठरवतात. उगाच पिळले तर चेन थेट स्पोकमध्ये.

परीक्षा संपली की डोंगरापर्यंत जायचा बेत आहे. त्याआधी ब्रेक बघायचेत.